डॉक्टरांचं अक्षर

आमच्या नाट्यसंस्थेचा जन्म कलेच्या तळमळीतून झाला, असं डॉक्टर प्रत्येक भाषणात सांगतात. तो झाला आमच्या औषधांच्या दुकानात, आणि कारण होतं डॉक्टरांचं अक्षर.

डॉक्टरांनी नाटक लिहिलं. हौशी मंडळी जमली, वही हातोहात फिरली, पण कुणालाच एक ओळ लागेना. शेवटी ती आमच्या ह्यांच्याकडे आली, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारा गावात हा एकच माणूस.

आता चिठ्ठीवर औषधांची नावं असतात, ती ह्यांना पाठ आहेत. संवाद काही कुठल्या खोक्यात मिळत नाहीत. पण तसं सांगायची ह्यांची हिंमत होईना. दुपारी गिऱ्हाईक नसताना बसून ह्यांनी अख्खं नाटक आपल्याच मनाने लिहिलं. त्यातली आई मरताना जे बोलते, ते माझ्या सासूबाई शेवटी बोलल्या होत्या. वाचून मला रडूच आलं.

"निदान फलकावर तुमचं नाव घाला म्हणावं," मी म्हटलं.

"नाटक त्यांचं. मी फक्त उतरवून काढलं," हे म्हणाले. पण फलक रंगून आला, तेव्हा तो ह्यांनी खालपर्यंत दोनदा वाचला. लेखक म्हणून डॉक्टरांचं नाव होतं. ह्यांचं कुठेच नव्हतं.

मग निःस्वार्थ सेवेला ऊत आला. सुताराने रंगमंच फुकट ठोकला, अट एवढीच की नायक तोच. न्हाव्याने रंगभूषा फुकट केली, तोंड मात्र ज्याचं त्याने धुवायचं. मी आई झाले, कारण म्हातारी व्हायला दुसरी कुणी तयार नव्हती.

प्रयोगाला लोक ढसाढसा रडले. डॉक्टरांनीही डोळे पुसले आणि वर येऊन हार घालून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. "ते आईचं बोलणं मी कधी लिहिलं हो?"

हे कपाटातल्या बाटल्या नीट लावू लागले. डॉक्टरांनी हसून नवी वही पुढे सरकवली. "दुसरं नाटक. तुम्हाला माझं अक्षर लागेलच."

मी वही उघडली. पानोपानी नुसत्या रेघोट्या. शेवटची सही मात्र ठसठशीत, लहान मूलही वाचेल अशी.

ह्यांनी चष्मा पुसला आणि मुकाट्याने कोरी वही काढली.

"या वेळी फलक कोण रंगवतंय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"बघू, कुणी स्वयंसेवक मिळाला तर."

"मिळाली," मी म्हटलं. "माझं अक्षर सुवाच्य आहे."