नशिराबादच्या वळणावरचा नमस्कार

या मंडळी, जरा जवळ सरका. पिंप्राळ्याच्या रविंद्रभाऊंना कॅमेऱ्यानं पकडलं, त्याची गोष्ट सांगतो.

भाऊंच्या मोबाइलवर दंडाचा मेसेज आला, सोबत फोटो: नशिराबादचं वळण, चालती स्कूटर, हेल्मेट मांडीवर. भाऊ रोज त्या वळणावर हेल्मेट काढून मान लववत. त्यांच्या कीर्तनाला मृदंगाची साथ करणारे पितांबर आबा तिथंच स्कूटरवरून पडून, डोक्याला मार लागून गेले होते.

भाऊंना चैन पडेना. उठत होते, बसत होते, पुन्हा फोटो बघत होते.

"मी हरकत घेतो," ते म्हणाले. "दंड मान्य केला, तर आबांना केलेला नमस्कारच गुन्हा ठरतो."

"घ्या ना," त्यांची बायको कलाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "पण फोटो खोटा शे का?"

"खोटा नाही गं. पण भाव बघायला नको?"

"भाव देव बघी. आबांनी त्या दिवशी हेल्मेट घातलं असतं, तर परवाच्या कीर्तनाला मृदंग घेऊन तेच बसले असते ना हो?"

भाऊंनी अंगणात चार येरझाऱ्या घातल्या. मग मुकाट्यानं दंड भरला.

दुसऱ्या दिवशी वळणाशी त्यांनी स्कूटर कडेला लावली. डोक्यावरच्या हेल्मेटवर बोटांनी आबांचा ठेका धरला आणि डोळे पुसून निघाले.

तुम्हीही त्या वाटेनं गेलात, तर पितांबर आबांची आठवण काढा. हेल्मेट मात्र डोक्यावर असू द्या.