मालकाचे मालक

माझी बहीण हेमाली मुंबईत एमबीए करते. उन्हाळ्यात तिला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा ती तिथे नेमकं काय करणार हे आमच्या चिंचणीच्या घरात कुणालाच कळेना. तिने समजावलं की लोक आपले पैसे तिच्या कंपनीकडे देतात, आणि कंपनी ते चांगल्या कारखान्यांच्या शेअरमध्ये घालून वाढवते.

"म्हंजे होडी एकाची, जाळं दुसऱ्याचं, नि मासळी मोजनार तुमी," बाबा म्हणाले.

मी पोट धरून हसलो. हेमाली हसली नाही, कारण बाबांचं फारसं चुकलं नव्हतं.

आईने मात्र भलतंच विचारलं. "शेर घेतले म्हंजे तुमी त्या कारखान्याचे मालक झाले ना?"

"थोडेथोडे," हेमाली म्हणाली.

"मंग तिथला शेठ तुमचं ऐकत आसंल."

"ऐकावं तर लागतं."

हे आईच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. आमच्या खाडीला लागून एक रंगाचा कारखाना आहे. त्याचं पाणी खाडीत येतं. कधी लाल, कधी पिवळं, होळीचे रंग परवडले. खाडीतली मासळी, बोय असो की निवटी, कितीही धुतली तरी औषधाचा वास जात नाही. आई ती बोईसरच्या बाजारात नेते, गिऱ्हाईक मासळी नाकाशी धरतं आणि परत पाटीत टाकतं. अर्ज करून करून आमच्या लोकांच्या चपला झिजल्या. साहेब येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. सरकारी काम, सहा महिने थांब. आता आईला वाटलं, शेठ ऐकत नाही तर शेठच्याही मालकाला सांगू.

आणि योग असा की हेमालीच्या कंपनीतल्या इंद्रजीत सरांनी, पोरगी चिंचणीची म्हणून, हाच कारखाना तिला अभ्यासाला दिला. त्याचा शेअर पार खाली आला होता. घ्यावा की नाही हे त्यांना ठरवायचं होतं. गावी जा, बघ, लोकांशी बोल, असं त्यांनी सांगितलं. आईला देवच पावला. मीही खूश झालो, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

हेमाली आली तेव्हा आळीतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या होत्या, जणू मंत्रीच येणार होता. त्यांतल्या साखरबाईने ताजी बोय तिच्या नाकाखाली धरली. "घे वास! तुज्या सायबांना सांग, ही आमी पोरांना खायला घालतो." बाबांनी तिला होडीतून कारखान्याच्या पाइपाच्या तोंडापर्यंत नेलं. कारखान्याचे कामगार राहतात त्या कुंभवलीला मी मोटारसायकलवरून नेलं. तिथले कामगार म्हणाले, "दीदी, डबल ड्यूटी चल रहा है, छुट्टी भी नहीं मिलती." हेमाली सगळं फोनमध्ये टिपत होती. आई मागून बजावत होती, "आदी चोरून सोडायचे, कवातरी. आता दिवसाढवळ्या, रोज. ते पन लिव. काय सोडू नको."

तिने काहीच सोडलं नाही. सगळं लिहून झाल्यावर तिने मला फोनवर वाचून दाखवलं. आमच्या खाडीबद्दल इतकं नीट कुणी कधी लिहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

मग आई वाट बघू लागली. बाजारात नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "जरा दम धरा बाय, वरपर्यंत सांगतलंय आता."

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या, आणि हेमाली इंटर्नशिप संपवून घरी आली. हातात पेढे. शिक्षण संपल्यावर तिथेच कायमची नोकरी द्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. आईने पेढा हातात धरला, पण तोंडात घातला नाही.

"पान्याचं काय म्हनाले?"

हेमाली खाली बसली. सरांनी तिचं लिखाण पानापानाने वाचलं होतं. पाण्याच्या पानाशी थांबले आणि त्यांनी आणखी दोघांना बोलावून घेतलं. रोज एवढं पाणी सोडतायत, कामगारांना सुट्टी नाही, म्हणजे कारखाना किती जोरात चालत असेल! शेअरबाजाराला वाटतंय तो बसलाय. पोरीने शोधून आणलं! त्याच आठवड्यात त्यांनी शेअर घेतले. आता भाव वर गेलाय आणि कारखाना शेजारीच दुसरा भाग बांधणार आहे.

"आनि खाडीत सोडतात त्याचं?" मी विचारलं.

"मीपन विचारलं. सर म्हणाले, पाणी साफ करत बसले असते तर एवढा नफा उरला नसता."

आईचं अर्धंच लक्ष होतं. ती आपल्याच हिशेबात होती. "म्हंजे आता पानी बंद व्हईल?"

"नाय आई. वाढंल."

"तू नीट सांगतलं नसंल."

"नीट सांगितलं गं. म्हणून तर घेतले त्यांनी."

माझं डोकं फिरलं. "तुला यासाठी गावभर फिरवली का मी? साखरबाईला काय तोंड दाखवशील?" मी ओरडलो. हेमाली रडायला लागली. म्हणाली, "मी ती नोकरी घेणार नाय. कळवून टाकते." मी म्हटलं, कळव, आत्ता कळव. बाबा उठून बाहेर गेले. आमच्याकडे राग आला की पुरुष होडीशी जातात, होडी पाण्यात असो वा नसो.

मला वाटलं आता आईच्या शिव्या सुरू होतील, आणि खरं सांगतो, तिने शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. ही बाई कारखान्याच्या गेटवर दगड घेऊन बसायची ते दिवस मी पाहिलेत. बारावीनंतर मी तिथे कामाला लागतो म्हणालो, तर तिने दोन दिवस माझं ताट वाढलं नव्हतं.

तिने पेढा कागदावर ठेवला आणि हेमालीचं तोंड पदराने पुसलं.

"नोकरी सोडू नको," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आनि तो दुसरा कारखाना व्हतोय ना, तिथं याला लावून घ्यायला सांग तुज्या सायबांना. तुमचं ऐकतात ना ते."