सदानंदचं काहीही

सदानंदला सगळं नेमकं लागे. जपानात ग्योतोकुला राहायला आल्यापासून तो कचऱ्यातल्या बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी करी, आणि बायकोकडून एखादी पिशवी चुकीच्या डब्यात पडली की तिची शिकवणी घ्यायला बसे. त्याने लिहिलेल्या कॉम्प्युटरच्या कोडला मात्र हा नियम लागू नव्हता.

विद्यापीठात संशोधन करता करता त्याने बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी वाचणारी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहिली आणि सगळ्यांना फुकट वापरायला खुली केली. तेव्हापासून त्याची मान जरा ताठच असे. मग ओसाकाच्या एका प्रयोगशाळेतून मोरी-सानांनी अदबीने विचारलं, हिला टाइप लावून मिळतील का? म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये काय घालायचं आणि त्यातून काय बाहेर येणार, याची चिठ्ठी प्रत्येकावर चिकटवायची, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवतात तशी.

"हे तू कर," तो बायकोला, पद्मिनीला, म्हणाला. "तुझं नाव लागेल."

पद्मिनीला तेच हवं होतं. पुण्यात ती चांगली प्रोग्रॅमर होती. इथे नवऱ्यामागून येऊन कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, बाइतो म्हणून अर्धवेळ काम करत भाताच्या ओनिगिरी मांडत होती. मोरी-सान घरून काम करणारं कुणीतरी शोधताहेत, हे तिला ठाऊक होतं. त्यांना दाखवायला तिच्या नावावर काहीतरी हवं होतं.

तिने एकेक फंक्शन वाचून चिठ्ठ्या लावल्या आणि कोड चिठ्ठ्यांप्रमाणे वागतो का, याची तपासणी चालवली. स्क्रीन चुकांनी लालेलाल झाली. पाण्याची पातळी सांगणारं फंक्शन कधी आकडा देई, कधी मजकूर, आणि बंदरावरचं यंत्र बंद असलं की काहीच देत नसे.

"तू टाइप लावायच्या आधी यात एकही चूक नव्हती," सदानंद म्हणाला.

"होत्या. दिसत नव्हत्या."

"मग दाखवायला कुणी सांगितलं होतं?"

त्याने तिच्या सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या आणि जागोजागी 'एनी' लिहून टाकलं. एनी म्हणजे आपलं काहीही. काहीही घाला, काहीही येईल. यावर तपासणी बिचारी काय बोलणार? सगळं हिरवंगार झालं.

"बघ. उगाच घोळ घालत बसली होतीस," असं म्हणून त्याने ते एकट्याच्या नावावर प्रसिद्धही केलं.

पद्मिनीला रडू आलं, ते संतापाचं. तिने चुका दुरुस्त करून आपल्या चिठ्ठ्यांसकट लायब्ररीची वेगळी प्रत स्वतःच्या नावाने खुली केली आणि मोरी-सानांना तसं कळवलं.

मोरी-सानांची मेल दोघांनाही आली. सदानंदने मोठ्याने वाचली. "सदानंद-सानांचं काम अतिशय सुंदर आहे, पण एनी म्हणजे, चोत्तो..." तो खूश झाला. "चोत्तो म्हणजे थोडंसं. थोडंसंच राहिलंय."

"चोत्तो म्हणजे नाही," पद्मिनी म्हणाली. कोम्बिनीत अदबीने नकार देणाऱ्या गिऱ्हाइकांकडून तिने हा शब्द रोज ऐकला होता. "पुढे वाच."

पुढे लिहिलं होतं की प्रयोगशाळा पद्मिनी-सानांची प्रत वापरणार आहे, आणि त्यांच्याशी कामाबद्दल बोलायला आवडेल.

सदानंदने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "भूक लागलीय."

"काय वाढू?"

"वाढ काहीही."

तिने रिकामं ताट आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"अगं, यात काहीच नाहीये."

"काहीही म्हणालास ना? काहीच नसणंही त्यात बसतं."

आणि स्वतःसाठी गरम वरणभात वाढून घेऊन ती मोरी-सानांना उत्तर लिहायला बसली.