टाकीची चावी

गाडी का बंद पडली, हे काळूरामला आठ महिन्यांपासून ठाऊक होतं. त्याच्यामुळे. अल्पेशनं त्याला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं, "बाबा, व्हॅन धक्के मारते, जरा फिल्टर बघा ना." आणि तीस वर्षं बंदरावर ट्रेलर चालवलेल्या, आपल्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागू न दिलेल्या काळूरामनं तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं होतं, "रविवारी बघतो." तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी बंदराच्या रस्त्यावर व्हॅन बंद पडली. अल्पेश खाली उतरला, दाराशी उभा राहून एका हातानं स्टेअरिंग धरून गाडी कडेला ढकलत होता, तेवढ्यात मागून कंटेनर आला. गाडीचा आरसा तुटला आणि दारावर ओरखडा आला, बस. पोरगा जागच्या जागी गेला.

घरात कुणी त्याला काही बोललं नाही. बायको सत्यवती बोलली नाही, सून बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर निदान मान खाली घालून ऐकता आल्या असत्या. न बोलणाऱ्या माणसांपुढे माणूस मान तरी कुठे घालणार? व्हॅन ताडपत्रीखाली घरामागे पडून राहिली. काळूराम तिकडे फिरकत नसे.

मग सून मृणालीनंच विषय काढला. नात आरोही पहिलीत गेली होती, शाळा उरणात, आणि रिक्षात पोरं कोंबून नेतात ते तिला बघवत नव्हतं. "बाबा, मी गाडी शिकले. एवढी चालू करून द्या, मी नेईन तिला." नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

ताडपत्री काढली तर खाली पेट्रोलचा वास. टाकीचा तळ गंजून घामेजला होता. डागडुजीत अर्थ नव्हता, टाकीच बदलायला हवी. पनवेलच्या जुन्या सामानवाल्याकडून त्यानं चांगल्या अवस्थेतली टाकी आणली आणि रविवारी सकाळी कामाला लागला. रविवारच निवडला, मुद्दाम. तेवढी शिक्षा त्यानं स्वतःला ठेवून घेतली होती.

बॅटरीची तार काढली. विडीचं बंडल आणि काडेपेटी घरात ठेवून आला. चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलून खाली सागाचे ठोकळे सरकवले. उरलंसुरलं पेट्रोल डब्यात सोडलं. रंग चहासारखा झाला होता. टाकीला आवळून धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट खाऱ्या हवेनं असे धरले होते की तासभर तेल पाजावं लागलं. शेवटचा सुटला तेव्हा पट्टीची धार तळहातात घुसली. रक्त आलं. फडकं गुंडाळून त्यानं टाकी छातीवर घेतली आणि हळूहळू गोणपाटावर उतरवली.

त्याआधी फिल्टर काढला होता. काळूरामनं तो आता उजेडात धरला. मग तोंड लावून फुंकर मारली. हवा आरपार गेली. पुन्हा मारली. पुन्हा गेली. फिल्टर साफ होता.

आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्याचा श्वास पोटापर्यंत पोचला. मी नाही मारला माझा पोरगा, असं तो पुटपुटला, आणि गाडीखालच्या त्या धुळीत म्हातारा ओक्साबोक्शी रडला. पण ते सुख किती वेळाचं? एक विडी ओढून होईल एवढंसुद्धा नाही.

कारण मग गाडी थांबवली कुणी, हा प्रश्न उरला. त्यानं टाकी हलवली. आत काहीतरी खसखसलं. वरची गोल झाकणी काढून टाकी उपडी केली तेव्हा गोणपाटावर गाळाचा लोंढा पडला, आणि त्या गंजक्या गाळात खडे होते. मिठाचे. पेट्रोलात मीठ विरघळत नाही, जसंच्या तसं तळाशी बसतं. शिवाय मोहरी, गंजानं माखलेली, मूठ-दोन मुठी. मिरचीची देठं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते, ती मोहरीनं आणि मिठाच्या चिखलानं लिंपल्यासारखी गच्च बसली होती.

मिठागरात जन्मलेल्या माणसाला मीठ ओळखायला चव घ्यावी लागत नाही. राखाडी, टपोरा, कडेला तांबूस खडा. हा त्यांच्याच आगरातला. आगर भरावाखाली गेलं त्या वर्षीची शेवटची रास, आणि त्यातली एक बरणी सत्यवतीनं जपून ठेवलेली. बाकी जगात आता ते मीठ कुठेच नव्हतं.

त्याला सगळं एकदम आठवलं. व्हॅन घरी आली त्या दिवशी सत्यवतीनं मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन पोरावरून आणि गाडीवरून ओवाळली होती. दृष्ट काढल्यावर मूठ आगीत टाकायची असते. पण स्लॅबचं घर झालं तेव्हाच चूल मोडली होती. ती गॅसपाशी गेली तर अल्पेश म्हणाला, "आये, नको, बर्नर चोंदतं."

"मंग कुठं टाकू? दृष्ट आगीनच टाकाची."

"टाक गाडीच्या टाकीन. गाडीची आग थयंच हाय."

असं म्हणून अल्पेश हसला होता. काळूरामही पोट धरून हसला होता. सत्यवती हसली नव्हती, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. टाकीची चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असे. दर अवसेला तिनं खिळ्यावरची चावी काढली असणार, आणि पोराला कुणाची नजर लागू नये म्हणून मूठभर मीठ त्याच्या गाडीच्या पोटात सोडलं असणार. दोन वर्षं. माया कमी पडली असती तर पोरगा आज जिवंत असता, आणि ही गोष्ट कुठल्या तोंडानं कुणाला सांगायची?

घरातून हाक आली, "जेवाला या."

काळूराम उठला. गाळ खड्ड्यात लोटून त्यावर माती ओढली, पाय देऊन दाबली. मग साफ फिल्टर उचलला. त्याची सुटका त्या एवढ्याशा डबीत होती. त्यानं गंजाचा चिखल बोटानं फिल्टरच्या तोंडात कोंबला, चांगला ठासून, आणि तो ओट्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवून हात धुवायला गेला.

सत्यवतीनं भात वाढला. वाढता वाढता विचारलं, "काय गावला?"

"फिल्टर तुंबलेला. त्याच्यानच बंद परली."

मृणालीचा घास हातातच राहिला. सत्यवतीनं ओट्यावरच्या फिल्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आणि आठ महिने जे तिनं ओठांशी दाबून धरलं होतं ते बाहेर पडलं.

"पोरानं तीनदा सांगला व्हता तुमाना."

"व्हय," काळूराम म्हणाला.

"तीनदा."

"व्हय."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. मृणालीनं ताट सारलं. काळूरामनं भात संपवला, कारण उठून जाण्याचा हक्क आता त्याला नव्हता.

दुपारभर त्यानं नवी टाकी बसवली, नवा फिल्टर लावला, नळ्या जोडल्या, ताजं पेट्रोल ओतलं. चौथ्या सेल्फला व्हॅन सुरू झाली. आरोही टाळ्या पिटत मागच्या सीटवर चढली. मृणाली स्टेअरिंगवर बसली. नाक्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं.

तेवढ्यात सत्यवती बाहेर आली. डोळे सुजलेले, उजवी मूठ मिटलेली. तिनं आधी नातीवरून मूठ ओवाळली, मग सुनेवरून, मग गाडीच्या चारही चाकांवरून. ओठ हलत होते. अल्पेश गेल्यापासून तिनं ती बरणी उघडली नव्हती, आज उघडली होती.

"चावी खिल्याला नाय," ती म्हणाली. "टाकीची चावी द्या."

चावी काळूरामच्या खिशात होती. त्यानं हात पुढे केला.

"दे इकरं. मी टाकतो. झाकण नवा हाय, तुला नाय उघडाचा."

तिनं विश्वासानं मूठ त्याच्या तळहातावर रिती केली. तो गाडीच्या पलीकडे गेला, चावी फिरवली, तिला ऐकू जाईल असं झाकण उघडलं आणि खटकन लावलं. मीठ मुठीतच होतं. सकाळच्या जखमेवरचं फडकं केव्हाच गळून पडलं होतं, आणि खडे आत शिरून हात खांद्यापर्यंत पेटला.

"टाकला?" तिनं विचारलं.

"टाकला."

व्हॅन निघाली. वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत दोघं शेजारी उभी राहिली. सत्यवती हळू म्हणाली, "आता दर अवसेला टाकत जा. इसरू नका."

"नाय इसरनार," काळूराम म्हणाला. मूठ त्यानं पाठीमागे धरली होती.