एक्स-रे खोलीच्या वळणावर

"बोला सिस्टर, चालता चालता बोलत राहा. थांबू नका," लॅपटॉपवरची नजर न काढता निकेश फोनमध्ये म्हणाला. पलीकडून नीलिमा काहीतरी बोलली आणि तो मनापासून हसला.

शिडीवर उभ्या मिथुनच्या हातातून स्क्रू निसटला आणि फरशीवर घरंगळत गेला. कोणी वर पाहिलं नाही.

चामोर्शीतल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात पंखे, जनरेटर, पाण्याची मोटर आणि वायफाय असं सगळं मिथुनकडे होतं. त्याची बायको नीलिमा तिथंच बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. जाड भिंतींमुळे आत मोबाइलची रेंज मिळत नसे, म्हणून सिस्टरांना वायफायवर चालणारे फोन दिले होते. डॉक्टरांना बोलवायचं ते त्यावरूनच. जुने वायफायचे डबे उतरवून नवे बसवायला निकेश नागपूरहून आला होता. अर्धे नवे डबे लागले आणि भलतंच झालं. बोलत बोलत एक्स-रे खोलीच्या वळणावर आलं की फोन कट. पुढं मार्कंड्याची जत्रा होती, दवाखान्यात गर्दी उसळणार होती. त्याआधी हे सुधारा, असं ऑफिसनं बजावलं होतं.

"फोननं चालता चालता मागचा डबा सोडून पुढचा धरायला पाहिजे," निकेशनं सकाळीच समजावलं होतं. "हा सोडूनच नाही राहिला. नव्याच्या खाली उभा राहून कुठल्या तरी जुन्यालाच चिकटून राहते. त्याची रेंज संपली की कट."

तपासायला रोजच्यासारखं चालणारं माणूस हवं होतं. सगळ्यात जास्त तक्रारी नीलिमाच्याच होत्या, म्हणून त्यानं तिलाच निवडलं. सकाळपासून ती वॉर्ड ते ऑपरेशन थिएटर फेऱ्या मारत होती. बोलत तर राहायला हवं, मग गोष्टी निघाल्या. मिथुनला फक्त निकेशची बाजू ऐकू येत होती.

"शिंगाडे? तलावात उतरून? ... जोंका लागत नव्हत्या काय हो? ... बापरे!"

नीलिमाचा बाप तलावात मासे धरायचा हे मिथुनला ठाऊक होतं. पण ती लहानपणी शिंगाडे तोडायला जळवांच्या पाण्यात उतरायची, हे इतक्या वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि या कालच्या पोराला अर्ध्या दिवसात कळलं! त्यानं हातातला स्क्रू नको इतका आवळला.

दुपारी जेवणाचा डबा घेऊन तो तिला बोलवायला गेला. ती निकेशच्या शेजारच्या खुर्चीत बसून लॅपटॉपवरच्या रेंजच्या रेघांना बोट लावत होती.

"जेवाले येतेस का नाई?"

"तुमी जेवून घ्या ना. मी पाहून राह्यली." मग एकदम वळून ती म्हणाली, "तुमी मले हे वायफायचं कधी काऊन नाई सांगतलं?"

"तू कधी इचारलं?"

"इचारलं होतं. तुमी म्हणले, तुले काय करा लागते त्याचं!"

निकेशनं खोकल्यासारखं केलं आणि विषय बदलला. "मिथुनभाऊ, हे पाहा. नकाशात नसलेला एक जुना डबा चालू दिसून राहिला. फोन ह्यालेच चिकटते. कुठी असन?"

मिथुनला तत्क्षणी कळलं. सिस्टरांच्या ड्युटी रूमच्या छतात, पीओपीच्या पाटीवर. लग्न झालं त्या वर्षी नीलिमाला सारखी नाइट लागायची आणि त्या खोलीत रेंज मिळत नसे. त्यानं स्टोअरमधला एक डबा कोणाला न विचारता वर चढवला होता, रेंज फुल करून. मग दोघं तासन्‌तास बोलत. पुढे ते बोलणं आटत आटत 'गॅस संपला' आणि 'दूध आण' एवढ्यावर आलं. डबा मात्र वर तसाच जळत राहिला होता.

सांगितलं असतं तर काम तिथंच मिटलं असतं आणि हा माणूस संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेला असता. पण तो डबा तिथं का लावला, हे याच्यासमोर बोलायला जीभ वळेना. शिवाय वाटलं, शोधू दे की. एवढा हुशार आहे तर तिलाही दिसू दे.

"मले काय मालूम," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर तो पुन्हा शिडीवर चढला. तेवढ्यात वॉर्डातून नीलिमा फोन कानाला लावून धावत आली. सकाळी बाळंत झालेल्या रिंकूचं रक्त थांबत नव्हतं. ओपीडीतल्या डॉक्टरबाई फोनवर कोणतं इंजेक्शन काढायचं ते सांगत होत्या.

"हो मॅडम... कोणतं? हॅलो? मॅडम, हॅलो!"

एक्स-रे खोलीचं वळण. तिनं फोन तळहातावर आपटला, खिशात कोंबला आणि ओपीडीकडं जीव खाऊन पळाली. रिंकूची सासू शकुबाई वॉर्डाच्या दारात तोंडात पदर धरून उभी होती. तिनं मिथुनकडं पाहिलं. जणू शिडीवरच्या माणसाला काही करता येईल.

मिथुन उतरला. शिडी खांद्यावर टाकून ड्युटी रूममध्ये गेला, पाटी उचलली. धुळीच्या थराखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. हात लावला तर डबा गरम. त्यानं वायर उपटली.

"गेला! तो डबा गेला!" बाहेरून निकेश ओरडला.

बऱ्याच वेळानं नीलिमा आली. कपाळावरचे केस घामानं चिकटलेले, हातांना डेटॉलचा वास.

"थांबलं बाप्पा रक्त. डॉक्टरबाई टायमावर पोचल्या."

टेबलावर तो डबा पडला होता. निकेशनं उलटापालटा करून पाहिला. "सगळा घोळ ह्याचाच होता. इथी कोणी लावला असन हा?"

मिथुननं नीलिमाकडं पाहिलं. ती क्षणभर डब्याकडं बघत राहिली.

"असन कोणाचा तरी," ती म्हणाली. "टाका भंगारात."

तिनं आपल्याला झाकलं, की तिला खरंच आठवत नाही? मिथुनला कळेना. आणि विचारायची सोय नव्हती. विचारायचं तर दुपारचं 'मले काय मालूम' खोटं होतं, हेही सांगावं लागलं असतं.

"आता शेवटचं तपासू," निकेश म्हणाला. "सिस्टर, तुम्ही चाला. भाऊ, आता तुम्ही बोला. मी रेघ पाहतो."

मिथुननं फोन कानाला लावला.

"हॅलो."

"हां, बोला."

काय बोलावं? सकाळपासून त्या पोराला किती सुचत होतं! "जेवली का?"

"आता जेवीन."

ती चालत होती. वळण आलं, मागं पडलं. फोन कट झाला नाही. निकेशनं अंगठा वर केला आणि लॅपटॉप मिटून वायरी गुंडाळायला लागला. थिएटरचं दार आलं, त्यापलीकडचा जुना वॉर्डही आला. फोनमध्ये तिच्या चपलांचा आवाज येत होता, स्पष्ट, अगदी शेजारून चालल्यासारखा.

"आहात का?" तिनं विचारलं.

"आहो," तो म्हणाला.