कोरडी काच

ताईनं ताडपत्री ओढून काढली आणि गाडीच्या बॉनेटवर तळवा टेकवला. दुसऱ्या हाताच्या मुठीत त्याच गाडीची किल्ली होती.

“या म्हातारीला न्यायला माणूस दुपारी येतोय,” धाकटा भाऊ म्हणाला. “किल्ली दे ना. जागा एकाच गाडीची आहे, आणि चालते ती नवीच.”

नवीचंही आता लग्नाचं वय झालं होतं. पण म्हातारीनंतर आली म्हणून घरात ती नवीच राहिली.

“ठेवायची तर हीच. बाबा हिच्यात आहेत,” ताई म्हणाली.

म्हातारीला चोक ओढून, चुचकारून उठवावं लागे. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, डाव्या अंगाला. दांड्यावर ताईचा हात आणि तिच्या हातावर बाबांचा, अशी ती गाडी शिकली. लग्नानंतर स्टिअरिंग धरायची वेळच आली नाही.

“नवीत त्यांचा हात कधी बसला का?” ती म्हणाली. “गिअर टाकायला जायचे आणि वायपर सुरू! भर उन्हात!”

“आणि वर आपल्यालाच ऐकवायचे...”

“‘काच पुसून घेतली. तुमचं काय जातं?’” दोघं एकदमच म्हणाली. बाबांना जाऊन महिना झाला होता.

धाकट्यानं पंप उचलला. “मी हिच्या चाकांत हवा भरतो. तू नवी जरा पुढे घे, वाट अडवून बसलीये.”

“घेते. पण हिची किल्ली माझ्याकडेच राहील.”

“राहू दे बाई.”

ती नवीत बसली. नवीची किल्ली आतच लावलेली होती. काचेवर महिन्याभराची धूळ होती. इंजिन एका फटक्यात सुरू झालं, कसलाही हट्ट न करता. तिनं क्लच दाबला, आणि तिचा डावा हात आपसूक स्टिअरिंगच्या मागे गेला.

वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरले. धुळीत दोन कमानी उमटल्या आणि त्यांतून गल्ली दिसू लागली.

तिचा हात तिथंच राहिला.

धाकटा पंप टाकून खिडकीशी आला. तो हसला नाही.

“ताई? अगं, काय करतेयस?”

“काच पुसून घेतेय,” ती समोर बघत म्हणाली. “तुझं काय जातं?”

वायपर फिरत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं दुसरी मूठ उघडली आणि म्हातारीची किल्ली खिडकीतून त्याच्या हातावर ठेवली.