तिसरा मजला

मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे हलले, भरभर पुढे गेले आणि भर दुपारी संध्याकाळचे सहा दाखवून थांबले. खिडकीतून ते पाहून घड्याळजीची बायको चक्क हसली.

"बघा!" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "आणि मला म्हणतात, तुला वेळेचं भान नाही."

सकाळी निघताना दोघांचं जुंपलंच होतं. गारठ्याने मनोऱ्यावरच्या घड्याळातलं तेल थिजलं होतं, काटे अडकले होते आणि नगरपालिकेने त्याला बोलावणं धाडलं होतं. बाहेर बर्फासारखा पाऊस लागलेला. मनोऱ्याच्या माथ्यावर भिंती नाहीत, नुसत्या लाकडी झडपा, त्यातून वारा आरपार. तिने रेनकोट आणि लोकरीची बंडी पुढे केली. तिने पुढे केली म्हणूनच त्याने घातली नाही. हा त्यांच्या संसाराचा जुना नियम होता. ती पूर्व म्हणाली की तो पश्चिम. शेजारी म्हणायचे, या घरात भांडी कमी वाजतात आणि माणसंच जास्त.

सगळ्यात जुनं भांडण पहिल्या खोलीचं. लग्नानंतर घेतलेली ती भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या, असं त्याचं. ती इमारत केव्हाच पाडून टाकली होती, त्यामुळे पंच म्हणून बोलवायलाही कुणी उरलं नव्हतं. तरी जेवताना मीठ कमी पडलं किंवा दिवे गेले, की फिरून फिरून गाडी त्याच खोलीवर यायची.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, अडखळत. एक पायरी चुकल्याचा आवाजही आला. तिने दार उघडलं. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक, ओठ काळेनिळे. तिचं भाषण सकाळपासून तयार होतं.

"घातली नाही ना बंडी? सांगितलं होतं की नाही मी?"

"हो," तो म्हणाला. "तुझंच खरं."

उभ्या संसारात हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. क्षणभर तिला असा आनंद झाला, की तळमजल्यावरच्या नर्सला, सिस्टरला, कधी एकदा सांगते असं झालं.

"आणि तुमचं घड्याळ चुकलंय. सहा वाजलेत तिथे."

"चुकलं असेल."

आता मात्र तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. एका मिनिटाच्या चुकीसाठी भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस.

"थंडी वाजतेय का हो?"

"मघाशी... वाजत होती. आता नाही. आता उकडतंय." जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाची जीभ दारुड्यासारखी जड झाली होती. तो शर्टाचं वरचं बटण काढू पाहत होता. तिळाएवढा स्क्रू चिमटीत धरणारी ती बोटं, पण त्यांना बटण सापडेना.

कापत नाहीये, म्हणजे थंडी उतरली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. त्याला स्टुलावर बसवलं, गरम पाण्याची बादली ओढली आणि तळपाय खसाखसा चोळायला घेतले. ओला शर्ट वर सरकवताना तिचा हात त्याच्या पोटाला लागला. हातपाय गार पडलेले तिने पुष्कळ पाहिले होते. पण पोट फरशीसारखं गार होतं.

"सिस्टर!" ती जिन्यात जाऊन ओरडली. "अहो सिस्टर, लवकर वर या!"

सिस्टर सुट्टी म्हणून घरी होती. ओल्या केसांनीच धावत वर आली, एकदा त्याच्याकडे आणि एकदा बादलीकडे तिने पाहिलं.

"चोळू नका! ती बादलीसुद्धा लांब करा."

"अहो, पण पाय किती गार पडलेत..."

"पडू देत. हातापायातलं गार रक्त एकदम आत गेलं तर हृदय बंद पडेल. आधी छाती-पोट गरम करायचं. उभं करू नका, चालवू नका. हळूच आडवं करू. काचेचं भांडं आहे असं समजा."

तिने फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली आणि ओले कपडे कात्रीने कापून काढले. समोरच्या खोलीतले काका ब्रँडीची बाटली घेऊन दारात आले. तिने त्यांना बाटलीसकट परत पाठवलं आणि खाली गाडीची वाट बघत उभं केलं.

"थरथर थांबली म्हणून बरं वाटलं ना तुम्हाला?" कोरडी रजई लपेटता लपेटता सिस्टरने विचारलं. "कापायचीसुद्धा ताकद उरली नाही, म्हणून थांबली."

डोक्याला लोकरीची टोपी, काखांत टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या. तरी सिस्टरचं समाधान होईना.

"तुम्ही आत शिरा. छातीला छाती लावून पडा. लाजबीज नंतर."

ती शिरली. इतक्या जवळ ती कित्येक वर्षांत आली नव्हती. त्याचा गारठा तिच्या हाडांत उतरू लागला. सिस्टर मानेवर बोटं ठेवून बराच वेळ ठोके मोजत राहिली आणि मोजून झाल्यावर आकडा काही तिने सांगितला नाही.

"चहा देऊ का, साखर घालून?"

"आता नको. गिळता येणार नाही, श्वासात जाईल. तुम्ही बोलत राहा. उत्तरं देतात का, ते मला कळायला हवं."

"ऐकताय ना?"

"हो."

"मी तुम्हाला कधी त्रास दिला नाही, हो की नाही?"

"हो."

"तुम्हाला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही."

"हो."

आता तिला रडू फुटलं. ज्या 'हो'साठी ती जन्मभर भांडली, तो असा फुकट मिळत होता आणि प्रत्येक 'हो' आधीच्यापेक्षा लांबून येत होता. मग तोही येईनासा झाला. नुसता श्वास उरला, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं. सिस्टर उठून खिडकीशी गेली. "कुठे मेली ही गाडी," ती पुटपुटली.

बायकोने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"आपली पहिली खोली दुसऱ्या मजल्यावर होती."

काही नाही.

"ऐकलंत का? दुसऱ्या. मी म्हणते तेच बरोबर."

ओठ किंचित हलले. "ति..."

"काय?"

"तिसऱ्या."

"दुसऱ्या!" ती रडत रडत ओरडली. "दुसऱ्या, दुसऱ्या, हजारदा दुसऱ्या!"

"अहो, निदान आता तरी..." सिस्टर वळली, आणि मध्येच थांबली. "नाही. भांडा," ती म्हणाली. "भांडत राहा."

गाडी आली. दोन माणसांनी त्याला स्ट्रेचरवर आडवा ठेवून, धक्का न लावता जिन्यावरून उतरवलं. मागून ती, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात त्याची.

"तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नव्हतं! आपल्याकडे चढायचं! मग सांगा, कितवा मजला?"

दारादारांतून माणसं बघत होती. नवरा मरणाच्या दारात आणि हिचं तोंड बंद होत नाही, असं कुणीतरी म्हणालं. तिने ते ऐकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला फक्त उत्तर हवं होतं आणि जिना संपला तरी ते आलं नव्हतं.

बाहेर पाऊस तसाच होता आणि मनोऱ्यावर अजून सहाच वाजले होते. स्ट्रेचर गाडीत सरकवलं.

"बाई, तुम्ही पुढे बसा. दार लावायचंय."

"दुसऱ्या," ती म्हणाली. आता आवाज फुटत नव्हता. "दुसऱ्या मजल्यावर होती हो."

तो गप्पच. डोळे मिटलेले.

मग रजईची कड हलली. तिच्याखालून एक हात बाहेर आला. निळसर, पार गारठलेला, आणि लटलट कापणारा. आता तो कापत होता. अंगठा आणि करंगळी मोठ्या कष्टाने आत वळली आणि मधली तीन बोटं वर उभी राहिली.

गाडीतल्या माणसाने तो हात हळूच धरून पुन्हा रजईत घातला.

हात पुन्हा बाहेर आला.